एर्मीनचा वाकडा फोटो

चर्चसमोरच्या चौकात आशिल देकुर्सेलचा फोटो स्टुडिओ होता. वाझ नदीकाठच्या त्या गावात लग्न असो की बाप्तिस्मा, कॅमेरा आशिलचाच. पण लग्नं पोटापुरती. त्याचा जीव होता चर्चवर. ते उंच खांब, त्यांच्यातून फुटून छतभर पसरलेल्या दगडी फासळ्या, टोकदार कमानी. वीस वर्षं तो हेच टिपत आला होता आणि त्याचा प्रत्येक फोटो फूटपट्टी लावल्यासारखा असे, डावं तेवढंच उजवं. त्याची बायको एर्मीन आत डार्करूममध्ये ते फोटो धुवायची.

एका हिवाळ्यात आशिल बर्फावरून घसरला आणि त्याचं डावं मनगट मोडलं. नेमकी तेव्हाच चर्चच्या छताच्या साफसफाईसाठी परांची बांधायची होती, आणि त्याआधी फादर ओमेरना फोटो हवे होते. मी काढते, एर्मीन म्हणाली. आशिलला हसूच आलं. कॅमेऱ्याचा स्टँड मधोमध ठेव म्हणजे झालं, एवढं त्याने सांगितलं.

तिने स्टँड उघडलाच नाही. जाड कोट घालून ती सरळ फरशीवर उताणी झोपली. प्रार्थनेला आलेल्या बायकांना वाटलं, देकुर्सेलबाईंना चक्कर आली.

संध्याकाळी ट्रेमध्ये फोटो उमटू लागला तेव्हा आशिल तिच्या मागे उभा होता. छताचा कणा, सगळ्या फासळ्या जिथे मिळतात ती लांब दगडी रेघ, मधोमध नव्हता. खांबांच्या रांगांमधून तो धावत जात होता आणि वेदीजवळ, झोपेत कूस बदलावी तसा, हलकेच डावीकडे वळत होता. त्याच्या एकाही फोटोत ते छत असं जिवंत झालं नव्हतं.

"फोकस बरा आहे," तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

मग गावभर कौतुक सुरू झालं. फादर ओमेरनी फोटो मोठा करून नगरपालिकेच्या हॉलमध्ये लावायचं ठरवलं. लोकांसमोर आशिल तोंडभर हसायचा आणि घरी येऊन सूप खारट झालं म्हणून भांडण उकरून काढायचा. एका दुपारी एर्मीन बहिणीकडे गेली होती. आशिलने तो मोठा फोटो कटरखाली सरकवला आणि धड असलेल्या उजव्या हाताने डावीकडची पट्टी कापली, वरचा वेदीकडचा भागही कापला. कणा बरोबर मधे आला. वळण गेलं.

हॉलमध्ये लोक आले, छान आहे म्हणाले आणि सफरचंदाच्या सायडरच्या ग्लासांकडे वळले. एर्मीन मात्र फोटोसमोरून हलली नाही.

"तू कापलास," ती म्हणाली.

"वाकडा होता. सरळ केला."

"चर्चच वाकडं आहे, आशिल. बांधणाऱ्यांनीच तसं बांधलंय."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

रविवारी प्रार्थना आटोपून माणसं पांगल्यावर तो गुपचूप चर्चच्या फरशीवर, एर्मीन झोपली होती तिथेच आडवा झाला. वळण होतंच. आणि पाठीला गारठा झोंबत असताना त्याला कळलं, की हे त्याने पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. स्टँड कुठे ठेवला की वळण कमानीआड जातं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि दर वेळी तो तिथेच ठेवत आला होता.

घरी त्याने हे सांगितलं नाही. एर्मीनने वळणासकट नवा फोटो छापला. त्याने चौकट करून दिली.

वसंतात एर्मीनला स्वासों शहरातून तिथल्या मोठ्या चर्चचे फोटो काढायला बोलावणं आलं. गाडी आशिलने चालवली, सामान त्यानेच उचललं, आणि भेटेल त्याला तो सांगत सुटला, हिला मीच शिकवलं. एर्मीनने त्याला सांगू दिलं.

आत चर्चचा सेवक त्याच्याजवळ आला आणि अदबीने म्हणाला, "जरा बाजूला होता का? बाई फोटो काढतायत."

आशिल खांबामागे जाऊन उभा राहिला. आता ही कॅमेरा कुठे रोखणार, याचा तो मनातल्या मनात अंदाज बांधू लागला. तो चुकला. जळफळत त्याने पुन्हा अंदाज बांधला.