पत्त्याविना प्रार्थना

त्या मे महिन्यात दोन दिवस मी प्रार्थना केली नाही. डोळे मिटले की शब्द सुचत, पण ते उच्चारण्याचा हक्क आपल्याला उरला आहे का, याची खात्री वाटत नव्हती.

सांगलीच्या एका दैनिकात मी बातमीदार होते. निवृत्तीनंतर कोरेगावला माहेरच्या घरी राहायला आले आणि चर्चमधली मुलांची शब्बाथ शाळा माझ्याकडे आली. एरवी रविवारी भरणारा हा वर्ग उन्हाळ्याच्या सुटीत रोज सकाळी भरतो. गोष्ट, गाणी, चित्रं आणि शेवटी प्रार्थना. ख्रिस्ती मुलं थोडी, शेजारपाजारची जास्त. आठ वर्षांची आर्या त्यातलीच. तिचे वडील मिल्ट्रीत हवालदार. तिला पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा तिची आई वंदना म्हणाली होती, “गोष्टी ऐकू द्या, गाणी म्हणू द्या. पण घरचा देव सोड म्हणू नका.” मी शब्द दिला आणि पाळला. त्यातून आमची मैत्री झाली. वर्ग सुटायच्या वेळी ती तांब्याभर ताक घेऊन यायची आणि आम्ही चर्चच्या पायरीवर बसायचो. “पेपरात बी एवढंच बोलत हुता का? मग पगार कशाचा घेतला?” असं ती माझ्या कमी बोलण्यावरून मला चिडवायची.

मग सीमेवर लढाई सुरू झाली. वर्गातल्या पाच मुलांचे वडील फौजेत होते. त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवायची मी ठरवलं आणि तिथे जुनी सवय आडवी आली. नाव आणि ठिकाण नसलेली बातमी मी कधी दिली नव्हती. प्रार्थनाही तशीच नेमकी असावी असं वाटलं. मुलांना विचारून मी फळ्यावर पाच नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर नेमणुकीचं ठिकाण. फोटो काढून चर्चच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो तालुक्यातल्या अनेकांच्या मोबाइलवर पोचला होता. वंदना तो घेऊन माझ्या दारात आली.

“बाई, ह्ये अक्षर तुमचंच न्हवं?”

“माझंच.”

“त्ये कुठं हायत, मला बी सांगत न्हाईत. लेकीशी बोलताना लाडात बोलून गेले. आन् तुमी साऱ्या गावाला वाचून दाखवलं.” तिचा आवाज चढला नव्हता. “सकाळपासनं फोन लागत न्हाई त्यांचा.”

ती बसली नाही. फोटो मी ग्रुपवरून काढला, पण पुढे गेलेला परत येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गाला एकही मूल आलं नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनी यंदा वर्ग बंद ठेवू असं सुचवलं. मी म्हटलं, कोणी येवो न येवो, दार मी उघडणार. चूक माझी होती. शिक्षा मुलांच्या गाण्यांना नको.

तिसऱ्या दिवशीही चटया रिकाम्याच होत्या. नऊच्या सुमारास एक वयस्कर गृहस्थ मोटरसायकलवरून उतरले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. निवृत्त सुभेदार आहे, बाजाराला आलो होतो, फोटो मलाही आला, असं त्यांनी सांगितलं. मी बोलणी खायची तयारी केली. त्यांनी ओलं फडकं मागितलं. डस्टरने पुसलेल्या फळ्यावर अक्षरं अजून पुसट दिसत होती. त्यांनी फळा कोपऱ्यापर्यंत पुसला.

“आमी घरी पत्र लिवायचो, तवा ‘बरा हाय’ एवढंच लिवायचो,” ते म्हणाले. “म्हातारी तेवढ्यावरच देवाला हात जोडायची. कवा कमी पडलं न्हाई. चला, ती पाच घरं दावा.”

आम्ही पाचही घरी गेलो. मी माफी मागितली. ते प्रत्येक दारात एकच वाक्य बोलले, “बाई चुकल्या, पर पोरांचं बंद करू नका.” वंदनाने ऐकून घेतलं आणि पाणी दिलं. सुभेदार तिथूनच निघून गेले. त्यांचं नाव विचारायचं माझ्याकडून राहिलं. नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी गुडघे टेकले. काही मागितलं नाही, काही कळवलंही नाही.

सकाळी वंदना आर्याला घेऊन आली. फोन अजून लागला नव्हता. “राग हाय अजून,” ती म्हणाली, “पर ही घरात नुसती फोनकडं बघत बसती.” ती पायरीवर न बसता आत येऊन भिंतीला टेकून बसली. प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा फळा कोरा होता. आर्याने हात जोडले. “देवा, पप्पा कुठं हायत त्ये मी सांगणार न्हाई. तुला म्हाईत हाय.”

त्यांचा फोन चार दिवसांनी आला. सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले होते, एवढंच कारण होतं. वंदनाने ताकाचा तांब्या माझ्या हातात दिला तेव्हा मला ते कळलं. ते सुभेदार मला पुन्हा भेटले नाहीत. त्यांना कोणी पाठवलं, हे मी कोणाला पटवून देत नाही. मी आभार मानते. मात्र मला धीर मिळाला तो फोन येण्याआधी, आर्याच्या त्या वाक्याने. देवाला ठिकाण कळवणं हे माझं काम नव्हतं. दार उघडणं होतं. फळा आता रोज ओल्या फडक्याने पुसते, आणि प्रार्थनेच्या वेळी कोराच ठेवते.