तलावाच्या पाळीवरची शिरगणती

आमच्या भागाची माहिती देणारं सरकारी पुस्तक कुणी कौतुकानं उघडलं, की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. क्षेत्रफळ, नद्या, जंगल, गावं, माणसं, सगळं रकान्यांत शिस्तीत बसलेलं! त्यातल्या एका गावाचा आकडा माझ्या हातचा आहे, आणि तो खोटा आहे.

चांदा जिल्ह्यात, चामोर्शीहून दिवसभर चाललं की ते गाव यायचं. कागदावर गाव एकच. प्रत्यक्षात नाल्याच्या अलीकडे धान पिकवणाऱ्यांची वस्ती, आणि पलीकडे तलावाच्या पाळीवर ढिवरांचा, म्हणजे मासे धरणाऱ्यांचा छोटा पाडा; त्याला टोला म्हणत. शाळा अलीकडे होती आणि मी तिथला मास्तर. पावसाळ्यात नाला फुगला की टोल्यातली पोरं चार महिने घरीच. म्हणून टोल्याला स्वतःची शाळा हवी होती. सरकारनं फक्त मास्तर द्यावा, एवढ्या आशेवर त्या लोकांनी बांबूचे कूड लिंपून झोपडीसुद्धा उभी केली होती.

एक्कावन्नच्या शिरगणतीला मला जुंपलं. टोल्यातल्या पहिल्याच घरी एक म्हातारी जाळं विणत बसली होती.

"बाई, घरी माणसं किती?"

"चार."

मला तर पाच दिसत होती. पाचवी म्हणजे तिची सहा-सात वर्षांची नात, माझ्या हातातल्या टाकाकडे टक लावून उभी.

"आणि ही?"

"तिले नोका मोजू, गुरुजी. घरचे सप्पा जीव मोजले का तलावाले समजते. मंग तो त्यातला एक मागते."

हे लोक मासे वाटून घेतानाही शेवटचा मासा न मोजता पाण्यात सोडत. ते मी पाहिलं होतं, त्याचं हसूही आलं होतं. आता हसू येईना. घरोघरी तेच. प्रत्येक घरानं एक जीव वगळला, आणि वगळला तो सगळ्यात लाडका, म्हणजे पोरच. बहुतेक घरांत मुळात एक-दोनच पोरं जगलेली. दुपारपर्यंत माझं डोकं फिरलं. मी शिकलेला माणूस, या अडाण्यांपुढे किती डोकं फोडू? घरचे सांगतील ते लिहा, असं आम्हाला बजावलेलंच होतं. चार म्हणता? घ्या चार! भोगा आपल्या कर्माची फळं, असं मनात म्हणत मी रकाने भरले आणि खाली सही ठोकली.

दोन वर्षांनी टोल्यातली माणसं शाळेचा अर्ज घेऊन निघाली. मीही सोबत गेलो. कचेरीतल्या बाबूनं रजिस्टर काढलं.

"या टोल्यात शाळा काढण्याइतकी पोरं आहेतच कुठं?"

"आहेत, साहेब. मी डोळ्यांनी पाहिलीत. एकदा नाला ओलांडून या तर खरे."

त्या गृहस्थानं आयुष्यात तो नाला पाहिला नव्हता, आणि पाहायची इच्छाही नव्हती. त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

"ही सही कोणाची, मास्तर?"

त्याचा गळा धरावा इतका संताप आला. पण सही माझीच होती. अर्ज परत आला. पुढच्या पावसात ती झोपडी एका बाजूनं बसली आणि लोकांनी तिचे बांबू सरपणाला नेले.

मी म्हातारीकडे गेलो. तिनं शिव्या द्याव्यात अशी फार इच्छा होती. तिनं जाळं खाली ठेवलं.

"आमी अडानी, गुरुजी. तलावाच्या भेवानं बोललो. पन तुमी त शिकलेले. तुमाले ते पोरगी दिसत होती ना?"

दिसत होती. त्या दिवशी ती जवळ येऊन म्हणाली होती, टाक जरासा हातात धरू द्या, आणि मी तिच्यावर खेकसलो होतो.