रुळाकाठचं घर आणि अक्कांचा रेकॉर्ड प्लेअर

त्या सकाळी पूर्णेहून अक्कांच्या शेजारणीचा, नसीमभाभींचा फोन आला. "अक्का दार उघडंनात. तुमी दोघं या लवकर," एवढंच बोलल्या; पण आवाजावरून समजायचं ते समजलं. परभणीहून पूर्णा तशी जवळच, पण मधल्या पिंगळी स्टेशनात थांबलेली गाडी हलायचं नाव घेईना. माझे यजमान खिडकीबाहेर बघत पुन्हा पुन्हा म्हणत होते, "झोपली असंल... तिला ऐकू कुठं येतं?"

अक्का माझी थोरली नणंद. शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांचे यजमान, आमचे भावजी, रेल्वेत गार्ड होते. त्यांनी हैदराबादेहून रेकॉर्ड प्लेअर आणला, अक्कांना गाण्याचं वेड लावलं आणि ऐन चाळिशीत गेले. मूलबाळ नव्हतं. मागं राहिलं ते रुळाला लागून असलेलं दोन खोल्यांचं घर आणि तो प्लेअर. भावजींच्या आवडीची एक ठुमरी अक्का शाळेतून आल्या की लावायच्या, आणि नेमकी तेव्हाच मालगाडी यायची. भुई थरथरायची, टेबल थरथरायचं, सुई टुणकन उडून भलतीकडंच पडायची.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडं राहायला गेले तेव्हा अक्का टेबलावर सायकलची ट्यूब गोल मांडत होत्या. ट्यूबमध्ये अर्धीच हवा, वर शहाबादी फरशी, फरशीवर प्लेअर. "सुमन, हवा लय भरली तर ट्यूब दगडावानी होती. मऊच पाहिजे, धक्का तिच्यातच जिरला पाहिजे," त्या म्हणाल्या. तरीही सुई उडायचीच. मग ध्यानात आलं की दोष एकट्या गाडीचा नव्हता, त्याच टेबलावरचा स्पीकरही टेबल हलवत होता. तो आम्ही वेगळ्या स्टुलावर ठेवला, खाली स्पंजचे तुकडे दिले. संध्याकाळी मालगाडी धडधडत आली. फळीवरची भांडी वाजली, भिंतीवरची तसबीर हलली, सुईनं मात्र जागा सोडली नाही. गाडी गेल्यावर बघते तर अक्का रडत होत्या. "गाडी आली की ते आठवायचे गं... अन् तेव्हाच गाणं तुटायचं."

निवृत्तीनंतर कान जाऊ लागले. यंत्र लावलं, तर त्यातून गाण्याचा नुसता कल्ला यायचा. पुढं तेवढंही येईना. प्लेअरवर कापड पडलं. परभणीला चला म्हणून आम्ही किती विनवलं. त्या नुसतं हसायच्या.

गेल्या दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा त्या भावाला म्हणाल्या, "दत्ता, तो स्पीकर माझ्या पलंगावर ठेव. खालचा स्पंज काढ." लाकडी पलंग होता. त्याच्या फळीवर स्पीकर ठेवला, ठुमरी लावली. अक्का दोन्ही तळवे लाकडावर टेकवून पडून राहिल्या. बराच वेळ काहीच नाही... मग त्यांची बोटं हलायला लागली. "तबला... हा तबला हाय." मी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मालगाडी आली, अख्खा पलंग हादरायला लागला. यांनी सुई उचलायला हात पुढं केला, तर अक्कांनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. दोघं बी कळायलेत मला."

ती आमची शेवटची भेट. त्या सकाळी आम्ही पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी दार उघडलं होतं. झोपेतच गेल्या, डॉक्टर म्हणाले. नसीमभाभी उशाशी बसून त्यांचे केस नीट करत होत्या.

आता प्लेअर आमच्याकडं आहे. हे घर रुळापासून, रस्त्यापासून लांब. इथं काहीच हादरत नाही. मागच्या रविवारी दुपारी यांनी पहिल्यांदा ती ठुमरी लावली. मी स्वयंपाकघरात होते. एकदम यांची हाक ऐकू आली, भिंतीपलीकडं जाईल एवढी मोठी, "अक्का, बघ, किती साफ वाजायलंय!"

एवढ्या मोठ्यानं ते फक्त अक्कांशीच बोलायचे. मी हात पुसत बाहेर आले. ते खोलीच्या मधोमध उभे होते, तोंड दाराकडं करून... आणि गाणं चालूच होतं.