शिल्लकेचा रकाना

बिदरला लागून असलेल्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात मी संगणकावर बसायचे. रसायनांची पिंपं आली की आवक, गेली की जावक अशी नोंद करायची आणि मग शिल्लकेच्या रकान्यातला आकडा हाताने बदलायचा. काम कंटाळवाणंच. पण वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, नातेवाइकांना बजावून ठेवलं होतं, नोकरी आहे तोवर पोरीच्या लग्नाचा विषय काढायचा नाही. मला लग्न नकोच होतं. त्यामुळे त्या रकान्यावर माझा भारी जीव.

मग हैदराबादहून एक इंजिनिअर आला आणि त्याने डेटाबेसला ट्रिगर बसवला. म्हणजे जावकेची नोंद केली की शिल्लक आपोआप कमी होणार, आवकेची केली की वाढणार. त्याने एक नोंद करून दाखवली. मी बोटही लावलं नव्हतं, तरी आकडा बदलला. साहेब खूश झाले.

शेजारी बिलं करणारी अक्का म्हणाली, "कामून तोंड पाडून बसलीस? काम हलकं झालं की."

"हलकं न्हाई अक्का, संपलं."

मी त्या ट्रिगरच्या हात धुऊन मागे लागले. संध्याकाळी गोदामात जाऊन पिंपं मोजायचे आणि आकड्याशी ताडून बघायचे. सगळं बरोबर निघायचं आणि मी हिरमुसून परतायचे. अशात एक लॉरी अर्ध्या वाटेतून परत आली. जावकेची नोंद पुसली, पण शिल्लक जागची हलली नाही. नोंद केल्यावर काय करायचं ते इंजिनिअरने संगणकाला सांगून ठेवलं होतं, नोंद पुसल्यावर काय करायचं ते विसरला होता. इतका आनंद मला बारावी पास झाल्यावरही झाला नव्हता.

"गप बस," अक्का म्हणाली. "चार घोटाळे होऊ दे. मंग तुलाच बोलवतील."

पण गप बसणं माझ्या रक्तातच नाही. तडक साहेबांकडे गेले. "साहेब, ते चुकायलंय. माणूस लागतंयच."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली आणि तिथल्या तिथे हैदराबादला फोन लावला. इंजिनिअर पलीकडून एकेक अक्षर सांगत गेला, साहेब ते मोठ्याने बोलत गेले आणि मी टाइप करत गेले. पुसण्याचाही ट्रिगर बसला, माझ्याच बोटांनी. एक नोंद पुसून पाहिली, शिल्लक मुकाट वाढली.

"शाबास," साहेब म्हणाले. महिनाअखेरीला त्यांनीच सांगितलं, पुढच्या महिन्यापासून यायची गरज नाही.

घरी सांगितलं तेव्हा अप्पा जेवत होते. सकाळी त्यांनी उदगीरच्या मामाला फोन केला, "पोरगी आता घरीच हाय." आठवड्याच्या आत पाहुणे आले. मुलाच्या आईने मला जवळ बसवून मायेने विचारलं, "तू काय करतीस, बाई?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "काई न्हाई."