पुढे ढकललेली होडी

कवळीवाल्याला पोहता येत नव्हतं. आता कवळ्या बनवणाऱ्या माणसाला पोहता आलंच पाहिजे असा काही नियम नाही. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत प्लॅस्टरचे जबडे मांडून मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवण्यात ज्याची हयात गेली, त्याचा पाण्याशी संबंध यायचा तो कवळी धुण्यापुरता. पण ह्याच माणसाने चांगला शुद्धीत असताना, चार माणसांच्या देखत, जंगलातल्या नदीवर होडीने जायचं कबूल केलं होतं. तेही कोणी विचारलेलं नसताना.

झालं ते असं. त्याची थोरली बहीण थोड्याशा आजाराने गेली. ताई आणि दाजी दर उन्हाळ्यात कनू घेऊन जंगलात जायचे. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, दोन माणसांची लांबट होडी. आठ-आठ दिवस ना रस्ता, ना दुकान, ना फोन. ताई गेल्यावर दाजींनी पडदे ओढून घेतले, उभ्या उभ्या बिस्किटं खाऊन जेवण उरकू लागले आणि फोनवर फक्त "हं" म्हणू लागले. कवळीवाला त्यांना भेटायला गेला, तर बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवलेली दोन वल्ही दिसली. त्याला भडभडून आलं आणि तो बोलून गेला, "दाजी, ह्या उन्हाळ्यात मी येतो तुमच्याबरोबर."

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते उठले, खिडकीचा पडदा सरकवला आणि कपाटातून नकाशा काढला. कितीतरी आठवड्यांत त्यांनी आपणहून केलेली ती पहिली हालचाल. आता माघार कसली घेता? कवळीवाला परतीच्या प्रवासात बायकोला म्हणाला, की जीभ ही हाडाची नसते हेच खरं. बायको म्हणाली, जीभ तुमची, बुडणार पण तुम्हीच.

पुढचे दोन महिने त्याला झोप नव्हती. मोहिमेचा परवाना आला, तारीख ठरली, घोडामैदान जवळ आलं. आणि नेमकी तेव्हाच महासाथ आली. सगळं बंद. जंगलखात्याने परवाने रद्द केले, पुढचं कळवू म्हणाले. सगळं जग हवालदिल झालं होतं आणि हा गृहस्थ न्हाणीघरात दार लावून सुटकेचा निःश्वास टाकत होता. त्याची त्याला लाजही वाटली. पण लाज वाटली म्हणून सुटका काही कमी गोड लागत नाही.

पंचाईत एकच होती, ती म्हणजे दाजी. मोहीम रद्द म्हटलं असतं तर पडदे पुन्हा बंद झाले असते. म्हणून कवळीवाल्याने फोनवर सांगितलं, "रद्द नाही दाजी, पुढे ढकलली. उन्हाळा नाही तर पावसाळ्यानंतर." आणि तयारीला वेळ मिळाला हे बरंच झालं, अशी पुस्तीही जोडली.

इथून त्याचा उत्साह असा काही उतू जाऊ लागला की विचारू नका. जी मोहीम होणारच नाही, तिची आखणी करायला कसली भीती? आधी आठ दिवसांची होती ती बारा दिवसांची झाली. सोपी नदी वगळून धबधब्यांची धरली. अस्वलं कुठे जास्त आहेत ह्याची चौकशी करून मुक्काम मुद्दाम तिथेच ठेवला. त्यालाही कामधंदा नव्हताच. त्या दिवसांत जगात कोणी कोणापुढे तोंड उघडायला तयार नव्हतं, तिथे कवळ्या कोण करून घेणार? दवाखान्याला कुलूप होतं. प्लॅस्टरचे जबडे अंधारात आ वासून पडले होते आणि त्यांचा धनी दिवाणखान्यात तंबू ठोकून बसला होता.

दाजी वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. दुकानदारांचे खोटे तराजू पकडण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे सामानाच्या वजनाबाबत त्यांच्याकडे दयामाया नव्हती. त्यांनी स्वतःच्या दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली आणि कवळीवाल्यालाही कापायला लावली. खायचं सगळं वाळवून न्यायचं, म्हणून त्याने भाज्या कापून गच्चीवर वाळवल्या. मोहीम शरद ऋतूवरून वसंतावर गेली, तेव्हा बायकोने त्या भाज्या भिजवून वाढल्या. वसंतावरून पुन्हा उन्हाळ्यावर गेली, तेव्हा दुसरा साठा वाढला. घरात अशी मोहीम शिजत होती आणि संपतही होती.

दोन तळ्यांच्या मध्ये होडी डोक्यावर घेऊन चालावं लागतं, हे दाजींनी सांगितल्यावर त्याने इस्त्रीचं टेबल उलटं डोक्यावर घेतलं आणि जिन्यावरून वरखाली सराव सुरू केला. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेने दार किलकिलं करून बघितलं आणि लावून घेतलं. संध्याकाळी तिने बायकोला फोन करून हळू आवाजात विचारलं, की घर सोडून जाताय का, आणि एकेक सामान असं न्यायची वेळ का आली. बायकोने सांगितलं, नाही हो, ते होडी चालवतायत. त्यानंतर ती शिक्षिका बायकोशी फार मायेने बोलू लागली.

पण खरा सोहळा संध्याकाळचा. रोज सहाच्या सुमाराला व्हिडिओ कॉलवर वल्हवण्याचा सराव व्हायचा. इकडे कवळीवाला स्टुलावर बसून केरसुणीने, तिकडे दाजी खुर्चीत बसून खऱ्या वल्ह्याने. कनूत एकाने उजवीकडून वल्हं मारायचं, दुसऱ्याने डावीकडून, म्हणजे ती सरळ जाते. एवढं त्याला समजलं होतं. पडद्यावर त्याची केरसुणी उजव्या बाजूला दिसायची आणि दाजींचं वल्हं डाव्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. दोघांचीही खात्री पटलेली. दाजी "हो... हो..." असा ताल धरायचे आणि दोन घरांत मिळून हवा कापली जायची. ह्या सगळ्यात ताईचा विषय मात्र दाजींनी एकदाही काढला नाही. समोरासमोर तोंडं असायची. तिचं नाव ओठांशी आल्यासारखं वाटलं की ते लगेच दोरीच्या गाठींवर यायचे. पण ते जेवत होते, दाढी करत होते, सहा वाजायची वाट बघत होते. कवळीवाल्याला तेवढं पुरे होतं.

सुख कोणाचं टिकलंय? साथ ओसरली. निर्बंध उठले. जंगलखात्याने परवाना पाठवून दिला, तोही अगत्याने.

कवळीवाल्याने पुढे ढकलायला कारणं शोधली. पाठ दुखते म्हणावं, तर दाजींनीच त्याला व्हिडिओवर रोज इस्त्रीचं टेबल उचलताना पाहिलं होतं. कवळ्यांचं काम तुंबलंय म्हणावं, तर दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या, जाऊन या, दोन वर्षं ऐकतेय मी. शेवटी त्याने बायकोपुढे गुडघे टेकले, की तूच काहीतरी आजारी पड. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती थांबली.

"तुम्ही नाही गेलात तर ते एकटे जातील," ती म्हणाली. "नाहीतर पुन्हा खोलीत जाऊन बसतील. ह्यातलं काय झालेलं बघवेल तुम्हाला?"

कवळीवाल्याने मुकाट्याने पिशवी भरली.

नदी सुरू होते तिथे एक शांत खाडीसारखं पाणी होतं, लाकडी धक्का होता आणि जंगलखात्याची एक बाई. नियम तिने नम्रपणे सांगितला. साथीनंतर घरात बसून बसून शूर झालेले फार लोक येतात. तेव्हा आधी समोरच्या तरंगत्या पिंपाला वळसा घालून दाखवा, मग जा. कवळीवाल्याने धक्क्यावर दोन लाइफ जॅकेटं मागितली. बाई म्हणाली, एका माणसाला एकच.

होडीत बसायची वेळ आली. त्याने दोन वर्षं गृहीत धरलं होतं, की दाजी जुने खेळाडू, ते मागे बसून दिशा सांभाळणार. मागच्याच्या हातात सगळं असतं, पुढच्याने नुसतं वल्हवायचं. दाजी सरळ जाऊन पुढच्या जागेवर बसले.

"दाजी, तुम्ही मागे ना?"

"मागे ती बसायची," दाजी पुढे बघत म्हणाले. "मला कुठे येतं ते?"

इतक्या चर्चेत नेमका हाच प्रश्न कोणी विचारला नव्हता. कवळीवाला जीव मुठीत धरून मागे बसला. बाईने होडी ढकलून दिली. दाजींनी "हो..." म्हटलं, आणि दोघांनी, अगदी एका तालात, दोन वर्षांच्या तपश्चर्येने कमावलेल्या सफाईने वल्ही मारली. दोघांनीही उजवीकडून. मोबाइलच्या पडद्यावर आपण स्वतःला आरशातल्यासारखे दिसतो आणि पलीकडचा माणूस समोर उभा असल्यासारखा, हे ज्ञान दोघांना पाण्यात पडायच्या बेतात असताना झालं. होडीने डावीकडे मान वळवली, गोल फिरली आणि पुन्हा धक्क्याकडे तोंड करून उभी राहिली.

"उत्तम," बाई म्हणाली. "आता पिंपाकडे."

कवळीवाल्याने वल्हं डावीकडे घेऊन बघितलं. पण हात उजवीकडे मुरलेले. त्याने पहिल्याच फटक्यात दाजींना चिंब केलं आणि घाबरून वल्हं पुन्हा उजवीकडे नेलं. म्हणून दाजींनी बाजू बदलली, त्याच क्षणी ह्यानेही बदलली. आता दोघे डावीकडे. होडी उलट्या अंगाने फिरली. बाई धक्क्यावर खाली बसली. बहुधा हसू आवरायला. चौथ्या की पाचव्या गिरकीला होडी जरा जास्तच कलली, पाणी काठाशी आलं, आणि कवळीवाल्याचा धीर सुटला.

"दाजी, मला पोहता येत नाही," तो म्हणाला. "मी घाबरट माणूस आहे. साथ आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. मोहीम पुढे गेली की दर वेळी बरं वाटायचं."

एवढं बोलून तो दाजींच्या पाठीकडे बघत राहिला. पाठ जागची हलली नाही.

"ठाऊक आहे मला," दाजी म्हणाले. "लग्नाआधीच सांगितलं होतं तिने, की भाऊ पाण्याला भितो. तिला तरी कुठे पोहता येत होतं?"

"ताईला?"

"कधीच नाही."

"मग ठाऊक होतं तर बोलला का नाहीत, दाजी? बारा दिवसांची आखणी केली मी. अस्वलं घातली त्यात."

दाजींनी वल्हं मांडीवर आडवं घेतलं. मग मान न वळवता म्हणाले, "बोललो असतो तर तू मोहीम रद्द केली असतीस. मग रोज फोन कशाला केला असतास?"

कवळीवाल्याचं नाक वाहायला लागलं आणि रुमाल जॅकेटच्या आतल्या खिशात राहिला होता.

पिंपाला वळसा काही त्या दिवशी पडला नाही. बाईने स्पष्ट सांगितलं, की जंगलात सोडणार नाही, पण संध्याकाळपर्यंत ह्या खाडीत काय ते फिरा. दोघांनी फार आढेवेढे न घेता ते मान्य केलं. जेवण धक्क्यावर झालं. वाळवलेल्या भाज्या बाईनेही चाखल्या आणि दुसऱ्यांदा नको म्हणाली.

दुपारनंतर होडी बरीच ताळ्यावर आली. म्हणजे फिरायची, पण आधीपेक्षा मोठ्या गोलात. आणि मग पुढे बसलेल्या दाजींनी बोलायला सुरुवात केली. ताईबरोबरच्या पहिल्याच सफरीत तिने होडी झाडाच्या फांदीत नेऊन अडकवली, टोपी गेली, ती अजून मिळाली नाही. एकदा भांडण झालं तर ती दिवसभर मागून एक शब्द बोलली नाही. दाजी मात्र वळून बघायला घाबरत होते. शेवटच्या वर्षी तिच्या वल्ह्याचा जोर कमी झालेला त्यांना पाठीला कळला होता. विचारायला हवं होतं, असं ते म्हणाले. नाही विचारलं.

व्हिडिओ कॉलवर सगळं तोंडासमोर असतं, त्यामुळे काही बोलता येत नाही. कनूत पुढच्याचा चेहरा मागच्याला दिसत नाही. दाजींचे खांदे हलत होते, आणि ते वल्हवल्यामुळे नाही, कारण वल्हं केव्हाचं थांबलं होतं. कवळीवाल्याने होडी सरळ न्यायचा नाद सोडला. तो सावकाश, डावीकडून, जमेल तसं वल्हवत राहिला.

ऊन उतरलं. धक्क्यावर बाई उभी राहून हात हलवत होती; वेळ संपली होती, तिला घरी जायचं असणार. दाजी पुढे तोंड करून बसलेले, पण धक्का आता मागे होता, त्यामुळे त्यांना ती दिसत नव्हती. कवळीवाल्याने वळून बघितलं, ती दिसली. त्याने तिला हात जोडले, आणखी थोडं असं बोटांनी दाखवलं, आणि होडीचं तोंड पाण्याकडेच ठेवलं.

"मग?" तो म्हणाला. "फांदीतून बाहेर कसे आलात?"