सदर उमेदवार

त्याचं खरं नाव मतदार यादीत होतं आणि तिथंच राहिलं होतं. बाकी सगळ्या गावाला तो सदर म्हणून ठाऊक. कचेरीच्या जिन्याखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे, हा त्याचा एकतीस वर्षांचा धंदा; आणि एकतीस वर्षं एकच भाषा बोटांखालून गेली की ती कधी ना कधी तोंडात चढणारच. घरी जेवायला बसला की म्हणायचा, "सदर भाजीत मीठ कमी पडल्याचे दिसून येते." बायको म्हणायची, "मग उक्त इसमाने उठून घ्यावं. डबा पूर्वीच्याच जागी आहे."

बायकोचा धाकटा भाऊ न्हावी. त्याचं दुकान कचेरीच्या बरोबर समोर, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे आरशात त्याला दिवसभर भाऊजी दिसायचे. वाकलेली पाठ, नाकावर घसरलेला चष्मा, एका पायाखाली वीट दिलेलं टेबल. आपली हुशार बहीण या मुखदुर्बळ माणसाच्या गळ्यात का बांधली, हे कोडं न्हाव्याला लग्नापासून सुटलं नव्हतं. स्वतः तो तोंडाचा पट्टा. त्याच्या खुर्चीत बसलेला माणूस केस कमी आणि बातम्या जास्त घेऊन उठायचा. भाऊजींची नक्कल तर तो अशी करायचा, की तोंडाला फेस लावलेली गिऱ्हाइकं हसून हसून फेस गिळायची.

एक गोष्ट मात्र त्याच्या नकलेत कधी बसली नाही. अर्ज टाइप झाला की भाऊजी कागद रोलरातून काढायचे आणि समोरच्या माणसाला पहिल्या शब्दापासून वाचून दाखवायचे. शिकलेला असो की अंगठेबहाद्दर, सुटका नाही. वाचून झालं की चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "बरोबर आहे? काही बदलायचं आहे?" आणि मग थांबायचे. दोन्ही हात मांडीवर, यंत्र गप्प. मागे रांग लागलेली असायची, कुणी घाईला आलेला असायचा, पण समोरचा बोलेपर्यंत यांची मान हलायची नाही. असं एकदा एक म्हातारा विचार करत बसला, तेवढ्यात न्हाव्याच्या हातून एका पोराची हजामत पुरी झाली होती. शेवटी म्हातारा म्हणाला, "मोठा मुलगा लिहिलंय, तिथं थोरला लिहा." भाऊजींनी नवा कागद घातला आणि सगळा अर्ज पुन्हा टाइप केला.

"अहो, मोठा काय नि थोरला काय, एकच ना?" न्हाव्याने नंतर विचारलं.

"त्यांच्या घरी एक नसेल," भाऊजी म्हणाले.

सगळं सुरू झालं ते भाजीवाल्या मावशीपासून. मंडईच्या दाराशी उजव्या हाताला पहिली जागा तिची, बावीस वर्षांची. तिच्या हातची जुडी कधी सैल नसायची. एका सकाळी ती कागद घेऊन जिन्याखाली आली. जागेचा परवाना पुढे चालू ठेवायचा म्हणून मंडईच्या कारकुनाने खिडकीतून एक कागद सरकवला होता, मागे बायका ओरडत होत्या, तिने अंगठा दिला होता. आता तिच्या जागेवर दुसऱ्याच कुणीतरी फळं मांडली होती. भाऊजींनी कागद वाचून दाखवला. न्हावी तेव्हा चहा द्यायला तिथं उभा होता. कागदात लिहिलं होतं की, सदर जागा मी स्वखुशीने सोडत आहे.

"स्वखुशीने म्हणजे?" मावशीने विचारलं.

"आपल्या आनंदाने."

मावशीने कागदावरच्या आपल्या ठशावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मी कुठं आनंदात होते रे? मी तर घाईत होते."

तिचा अर्ज भाऊजींनी केला. नंतर स्वतःच्या नावाने आणखी बारा केले, मंडईपासून राजधानीपर्यंत. मागणी एकच: कोणत्याही कचेरीत माणसाला कागद वाचून दाखवल्याशिवाय त्याची सही किंवा अंगठा घेऊ नये. बारापैकी नऊ अर्जांना उत्तर आलं नाही, दोन पत्ता चुकून परत आले, आणि एकाचं उत्तर आलं की अशी तरतूद कायद्यात नाही.

ते उत्तर खिशात घालून भाऊजी दाढीला आले. गालावर वस्तरा असताना म्हणाले, "कायदा कुठं होतो?"

"हलू नका. विधानसभेत."

"मग तिथं जावं लागेल."

"कुणाला भेटायला?"

"निवडून," भाऊजी म्हणाले.

बावीस वर्षांच्या धंद्यात न्हाव्याच्या हातून पहिल्यांदा कुणाला कापलं. भाऊजींनी रक्त रुमालाने टिपलं आणि म्हणाले, "सदर जखम किरकोळ आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पळत बहिणीकडे गेला. ती शिलाई मशीनवर पडदे शिवत होती. "ताई, भाऊजींचं डोकं फिरलंय."

"मला विचारलं त्यांनी," ती पाय न थांबवता म्हणाली. "रात्री उशाशी कागद ठेवला होता. अर्जच केला होता मला. खाली लिहिलं होतं, हरकत असल्यास कळवावी."

"मग?"

"माझी हरकत काय असणार? एकतीस वर्षांत या माणसाने स्वतःसाठी पहिल्यांदा काही मागितलं. तू आता चार दिवस लोकांच्या डोक्यांऐवजी स्वतःचं चालव आणि त्यांच्यामागे फिर."

असा न्हावी प्रचारप्रमुख झाला. मनातून त्याला एकच भीती होती, की आपले भाऊजी सगळ्यांसमोर हसं करून घेणार. समोर कोण, तर तीन वेळा निवडून आलेले आमदार, आणि दुसरे एका कारखानदाराचे जावई. त्यांच्या गाड्यांवर कर्णे, यांच्याकडे पायी फिरणारी तीन माणसं. चिन्ह म्हणून न्हाव्याने कात्री मागितली होती, मिळाली बादली. "बरं झालं," ताई म्हणाली, "निवडणूक संपली तरी कामाला येईल."

भाऊजींचा प्रचार म्हणजे दार वाजवायचं, नमस्कार करायचा, आणि ते एक वाक्य सांगायचं. लोक विचारायचे, "पाण्याचं काय करणार? रस्त्याचं?" ते प्रामाणिकपणे म्हणायचे, "त्याचा मला अभ्यास नाही." न्हावी मागे उभा राहून कपाळावर हात मारायचा.

मतदानाआधीच्या रविवारी व्यापारी मंडळाने मंडईच्या शेडमध्ये तिन्ही उमेदवारांना एकाच मंचावर बोलावलं. सकाळी दहाची वेळ. पत्र्याखाली हजारभर माणूस, कोणी पोत्यांवर, कोणी हातगाडीवर. आधी जावई बोलले, मग आमदार. आमदारांचं भाषण म्हणजे काय सांगावं, माणसं बसल्याबसल्या पुढे सरकत होती. टाळ्या पडल्या. मग भाऊजी उठले. त्यांनी न्हाव्याला खुणावून टेबल मंचावर आणायला लावलं, त्यावर यंत्र, आणि खुर्ची ओढून बसत खिशातून घडी केलेला कागद काढला.

"प्रति, समस्त मतदार बंधुभगिनी," ते वाचू लागले. "विषय: वाचून दाखवण्याबाबत. संदर्भ: या विषयावरील माझे यापूर्वीचे अर्ज."

मागच्या पोत्यांवरून हसू फुटलं आणि पुढपर्यंत आलं. मंचावर जावई रुमालात हसत होते. न्हाव्याला वाटलं, धरणी दुभंगली तर आधी मी जाईन.

भाऊजींनी न थांबता वाचलं. सगळं मिळून पाच ओळी. कोणत्याही कचेरीत, दवाखान्यात, बँकेत, माणसाला कागद वाचून दाखवल्याशिवाय त्याची सही अथवा अंगठा घेऊ नये, असा कायदा करण्यासाठी मला निवडून द्यावे, ही विनंती. संपलं. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हजार माणसांना विचारलं, "बरोबर आहे? काही बदलायचं आहे?"

आणि थांबले.

ही सवय होती त्यांची, दुसरं काही नाही. भाषण संपवायचं असतं ते जय म्हणून, हात जोडून. यांना ते ठाऊकच नव्हतं. हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले. लोक आधी वाट बघत होते की आता पुढे काही येईल. मग कुणी खोकलं. आमदारांनी घड्याळ पाहिलं. न्हाव्याला ओरडून सांगावंसं वाटलं, की भाऊजी, उठा, लोकांना विचारतात ते उत्तरासाठी नसतं.  शेड हळूहळू गप्प होत गेली, आणि कळत गेलं की हा माणूस खरंच थांबला आहे.

"वाचतील, पण भराभरा वाचतील," इस्त्रीवाला मागून म्हणाला. "बँकेत वाचून दाखवलं होतं मला. गाडी गेल्यासारखं वाचलं. सावकाश हा शब्द घाला."

भाऊजींनी मान डोलावली, कागद रोलरात घातला आणि टाइप केलं. टाकटाक आवाज पत्र्यावर जाऊन परत आला. "सावकाश," त्यांनी वाचलं. "आणखी?"

"मोठ्यानं पण लिहा," एक आजोबा म्हणाले. "मला या कानानं ऐकू येत नाही."

"नको," एक तरुण बाई उभी राहिली. कडेवर मूल होतं. बोलताना तिचा चेहरा लाल झाला. "दवाखान्यात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं तर? काही कागद आपलेच असतात."

आजोबांनी वळून तिच्याकडे बघितलं. "तेही खरं," ते म्हणाले.

भाऊजींची बोटं कळांवर अधांतरी थांबली. मग त्यांनी टाइप केलं आणि दोघांना वाचून दाखवलं: "ज्याचा कागद, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात." आजोबांनी बाईकडे बघितलं, बाईने आजोबांकडे. दोघांनी होकार दिला.

मग कुणी थांबेनाच. एक सुतार आपल्या बहिऱ्या भावाबद्दल बोलला. एक शिक्षिका म्हणाली, "वाचणाऱ्याने खाली आपलीही सही करावी." त्यावर रिक्षावाला म्हणाला, "म्हणजे कारकून पण अडकला, झकास," आणि सगळे हसले, पण हे हसू मघासारखं नव्हतं. न्हाव्याने इतकी वर्षं या माणसांचे कान साफ केले होते, त्यांच्या बढाया नि तक्रारी ऐकल्या होत्या. या डोक्यांत असं काही असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. विधानसभेत आत काय चालतं ते त्याने पाहिलेलं नव्हतं. पण त्याच्या अंगावर काटा आला होता, आणि तो लपवायला त्याने उगाच बाह्या खाली केल्या.

शेवटी भाजीवाली मावशी उठली. आता ती मंडईबाहेर गटाराच्या कडेला बसायची.

"वाचून दाखवलं," ती म्हणाली. "कळलं. पण मला नाही द्यायचा अंगठा. मग?"

"मग देऊ नये," भाऊजी म्हणाले.

"ते लिहिलंय कुठं?"

भाऊजींनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. ते कुठेच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एकतीस वर्षं ते लोकांना वाचून दाखवत आले होते, आणि नाही म्हणायची ओळ त्यांच्या हातून एकदाही टाइप झाली नव्हती.

"चूक माझी," ते म्हणाले. सदर नाही, उक्त नाही. मग त्यांनी टाइप केलं, आणि सावकाश वाचलं: "वाचून झाल्यावर नाही म्हणण्याचा हक्क आहे. नाही म्हटल्यामुळे कोणाचे काही काढून घेता येणार नाही."

"हां," मावशी म्हणाली, आणि खाली बसली.

टाळी कुणी वाजवली नाही. सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचा, असं लोक म्हणाले, आणि भाऊजींनी वाचलं. एक पान भरलं होतं. न्हाव्याने मंचाकडे बघितलं. आमदार खुर्चीत पुढे झुकून ऐकत होते. त्यांचं घड्याळ बाहीखाली गेलं होतं.

आठवड्याने निकाल लागला. आमदार चौथ्यांदा आले. जावई दुसरे. बादलीला चार हजार एकशे सात मतं पडली. अनामत वाचली नाही. न्हावी आकडा ऐकून बहिणीच्या घरी गेला, काय बोलावं याची वाटेत तीनदा उजळणी केली, आणि दारातच त्याच्या तोंडचा पट्टा तुटला.

"बस," ताई म्हणाली. "आकडा कळला, जेवले नि गेले कामावर."

"रडले का?"

"थोडेसे. मग म्हणाले, चार हजार एकशे सात जणांना उत्तर द्यायचं राहिलं. मी म्हटलं, त्यांनी उत्तर मागितलं नाही, कायदा मागितलाय. तर म्हणाले, तेच."

दुसऱ्या दिवशी न्हावी दुकानाच्या परवान्यासाठी कचेरीत गेला. खिडकीपाशी रांग होती, आणि ती हलत नव्हती. पुढे एक मजूर बाई उभी होती. अंगठ्याला शाई लागलेली, आणि तो अंगठा तिने खांद्याच्या उंचीवर धरून ठेवला होता, कागदापासून वीतभर लांब. कारकून म्हणत होता, "अहो, नेहमीचाच कागद आहे."

"मग नेहमीसारखा वाचा," बाई म्हणाली. "सावकाश."

कारकुनाने रांगेकडे बघितलं. इतक्या वेळात एरवी न्हाव्याचा आवाज सगळ्यांत आधी चढला असता. तो गप्प उभा राहिला. मागचा माणूस गप्प होता, त्याच्या मागचाही. रांगेतलं कुणीच पुढे चला म्हणालं नाही. कारकुनाने उसासा टाकला, कागद उचलला आणि वरच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदाशी बाई म्हणाली, "थांबा. हे पुन्हा."

जिन्याखालून यंत्राचा आवाज येत होता. न्हावी रांगेतली जागा सोडून खाली गेला. भाऊजींपुढे कुणी गिऱ्हाईक नव्हतं. ते मंडईतलं ते पान बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर उतरवत होते, वर लिहिलं होतं: प्रति, मा. आमदार.

"देणार त्यांना?"

"निवडून तेच आलेत. कायदा त्यांनाच करावा लागेल."

"आणि नाही केला तर?"

भाऊजींनी ओळ पुरी केली. यंत्राची घंटी वाजली. "पाच वर्षांनी पुन्हा अर्ज करता येतो," ते म्हणाले, आणि कागद काढून न्हाव्यापुढे धरला. "तुझीही सही लागेल. बस, वाचून दाखवतो."

न्हाव्याला तो मजकूर तोंडपाठ होता. तो स्टुलावर बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पहिल्या शब्दापासून ऐकू लागला.