एकशेचारवर अडकलेला पारा

आईची बारा अंडी मी मारली, आणि तीही शास्त्रोक्त पद्धतीने.

आईच्या काळ्या कोंबडीला मुंगसाने नेलं. लग्नानंतर आईने बावड्याहून, माहेरून, आणलेल्या कोंबडीचा हा वंश. आता मागे उरली होती फक्त ही बारा अंडी.

"शेजारची खुडूक कोंबडी मागून आणते, अंड्यांवर बसवाय," आई म्हणाली.

"कशाला? मी बारामतीहून अंडी उबवायचं मशीन आणतो."

मशीन आलं. आकडा दाखवत होतं ३७.७.

"सदतीस व्हय? एवढं तर आपल्या अंगणात बी आसतंय."

"आई, हे सेल्सिअस. नवाने गुणायचं, पाचाने भागायचं, बत्तीस मिळवायचे. झालं शंभर फॅरनहाइट."

आईने एकदा अंड्यांकडे पाहिलं. (त्यांना तरी समजलं का, म्हणून असावं.)

एवढ्यावर थांबलो असतो तर! पण मशीनच्या आकड्यावर माझा भरवसा बसेना. घरातला ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर काढला, जंतू नकोत म्हणून गरम पाण्यात धुतला आणि अंड्यांशेजारी ठेवला. थोड्या वेळाने पाहिलं, तर पारा एकशेचारवर!

अंड्यांना ताप चढला होता. मी मशीन छत्तीसवर आणलं. पारा हलेना. चौतीसवर आणलं. पारा तिथंच. आठवड्याभरात मशीन तिसावर आलं, आणि पारा मात्र सरकारी जावयासारखा एकशेचारवर बसून.

आईने आत हात घातला. "आरं, गार लागतंय की."

"आई, हात चुकतो. पारा खोटं बोलत न्हाय."

एकवीस दिवस झाले, बावीस झाले. आत चिवचिव नाही की टकटक नाही. तेविसाव्या दिवशी बायकोने थर्मामीटर उचलला.

"अहो, आत ठेवताना झटकला व्हता का?"

मी पारा पुन्हा वाचला. एकशेचार.

"तापाचा पारा आपणहून कधी उतरतो का? पोरांचा ताप बघताना दरवेळी झटकता की तुमी."

म्हणजे तीन आठवडे मी थर्मामीटर धुतलेल्या पाण्याचा ताप उतरवत होतो.

आईने परसात खड्डा केला आणि एकेक अंडं हलक्या हाताने आत ठेवलं. जणू अजून फुटायची भीती होती.

"आई, चुकलं माझं."

"आसू दे रं. कोंबडी काय करती? नुसती बसून ऱ्हाती."

एका जागी नुसतं बसून राहणं, हे एकच काम मला जन्मभर उत्तम जमत आलंय. नेमका या अंड्यांच्या वेळीच मी उठलो.